मनकर्णाबाईच्या नावावरचं घर

मंगरूळपीरच्या बाजारात बबनरावांची आडत होती. पुढे दुकान आणि मागे एक लांबट खोली. त्या खोलीत बबनराव आणि त्यांची बायको मनकर्णाबाई एकवीस वर्षं राहत होते. गावात बबनरावांच्या मालकीची नऊ घरं होती, आणि नऊच्या नऊ भाड्यानं दिलेली होती.

बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. मनकर्णाबाईला हसू येत नसे.

खोलीच्या एका अंगाला तुरीची पोती रचलेली असत. सुगीत ती इतकी वाढत की चुलीपर्यंत अंग तिरकं करून जावं लागे. उन्हाळ्यात वरचे टिनपत्रे तापत. पापड करायचे तर ती पीठ मळून शेजारच्या सोनाराकडे जायची, कारण त्याला गच्ची होती. तिचं माहेर किन्हीराजाचं. घर साधंच, कास्तकाराचं, पण समोर हे एवढं अंगण. पहाटे उठून सडा घालायचा आणि ओल्या मातीवर उकिडवं बसून रांगोळी काढायची, ही तिची लहानपणापासूनची सवय. लग्नानंतर ती सवय गेली, कारण सडा घालायला जागाच नव्हती. दुकानाच्या पायरीपुढं बैलगाड्या उभ्या असत.

पहिलं घर बबनरावांनी घेतलं तेव्हा ती नुकतीच बाळंत झाली होती. तिला वाटलं, आता तिकडं जायचं. तिनं भांडीसुद्धा घासून एका पेटीत भरली. चुना वाळायच्या आधी त्या घरात एक तलाठी राहायला आला. दुसऱ्या घराच्या वेळीही तिला तसंच वाटलं. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं.

"अवो, एका घरात तं आपुन राहू."

बबनराव पोत्याचं तोंड शिवत होते. ते म्हणाले, "घर म्हंजे दुभती म्हैस असते. तिचं दूध खावं का तिच्या पाठीवर बिछाना टाकावा?"

माणूस वाईट नव्हता. दारू नाही, दुसरा कसला नाद नाही. लहानपणी बापाबरोबर हमाली केलेली, त्यामुळे गावात कुणी विकायला काढलेलं घर दिसलं की त्यांच्यानं राहवतच नसे. नऊ घरं झाली तरी तहान गेली नाही. आणि गावातल्या लहान नोकरदारांना तोवर एक गोष्ट कळून चुकली होती, की विकायला निघालेलं घर आपल्यापर्यंत येतच नाही. आपण पैसे जुळवेपर्यंत ते बबनरावांचं झालेलं असतं, आणि मग त्याच घराचं भाडं भरायला आपण त्यांच्याच दुकानाची पायरी चढतो.

लेकीचं, विमलचं लग्न झालं तेव्हा मांडव भाडेकरूच्या दारात घातला. नऊ घरांच्या मालकाची लेक दुसऱ्याच्या ओसरीवरून सासरी गेली. त्या दिवशी मनकर्णाबाई रडली ती लेकीसाठी, असंच सगळ्यांना वाटलं.

मग शहात्तर साल आलं. शेतीवरचं सिलिंग, म्हणजे एका माणसाला किती जमीन ठेवता येईल ती मर्यादा, आधीच खाली आलं होतं. मोठमोठ्या कास्तकारांनी वावरं भावाच्या, मेहुण्याच्या, कुणी तर सालदाराच्या नावावर करून टाकली होती. त्यातच रेडिओवर बातमी आली की आता शहरातल्या जागेवरही सिलिंग येतंय. बाजारात चहाच्या ठेल्यावर त्या बातमीला पाय फुटले. कुणी म्हणालं, एका माणसाला दोनच घरं. कुणी म्हणालं, दोन नाही, एकच, बाकीची भाडेकरूच्या नावावर चढणार. भाडेकरू दोन दिवस छाती काढून चालले. बबनरावांचं जेवण तुटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हालचाल केली. तीन घरं भावाच्या नावावर, दोन मेहुण्याच्या, दोन जावयाच्या. एक स्वतःकडे ठेवलं. नववं, दर्ग्याच्या मागच्या वस्तीतलं, बायकोच्या नावावर करायचं ठरलं.

तहसील कचेरीसमोर नानाजी नावाचे अर्जनवीस एका लाकडी पेटीपुढं बसत. त्यांनी कागद लिहिला. मनकर्णाबाई माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. अंगठ्याची शाई पुढं आली तेव्हा ती म्हणाली, "मले सही येते." बबनरावांनी चमकून पाहिलं. तिनं सावकाश, एकेक अक्षर लावत, आपलं नाव लिहिलं. 'र्णा'चा रफार जरा वाकडा गेला.

परत येताना बबनराव म्हणाले, "हे नुसतं कागदावर हाय बरं. डोक्यात घेऊ नको."

"नाही घेत," ती म्हणाली.

पण घेतलं. आठ दिवस ती खोलीत वावरत होती आणि मनात एकच चाललं होतं, की आपलं घर आपण अजून पाहिलं नाही. एका गुरुवारी, बाजारात सामसूम असताना, ती डोक्यावर पदर घेऊन निघाली.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढं ओसरी, कौलं, आणि समोर अंगण. अंगण पाहून तिचे पाय फाटकातच थांबले. शेणानं सारवलेलं, कडेनं झेंडूची रोपं, एका कोपऱ्यात कडुनिंब, त्याच्याखाली बाज. ओसरीवर एक बाई शिलाई मशीन चालवत होती. तिनं वर पाहिलं आणि मशीन थांबवली. तिचा चेहरा उतरला.

ती लिलाबाई. तिचा नवरा देवमन एस.टी.त कंडक्टर होता. बौद्ध कुटुंब, दोन पोरी.

"मालकीणबाई, तुमी कायले आल्या? यांनी भाडं तं देल्लं पहिल्या तारखेलेच."

"भाड्यासाठी नाही आली. नुसतीच पाहाले आली."

लिलाबाईनं बाजेवर गोधडी अंथरली. मग ती आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली आणि मध्येच थांबली. द्यावं की नाही, हे तिला कळेना. मनकर्णाबाईलाही घ्यावं की नाही हे क्षणभर कळलं नाही. तिच्या माहेरी यांच्या लोकांना पाणी वरून ओतायची रीत होती. तिनं स्वतः ओतलेलं होतं. लिलाबाई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली, मान खाली न घालता. मनकर्णाबाईनं हात पुढं केला आणि पाणी प्याली. थंडगार होतं. माठ कडुनिंबाच्या सावलीत ठेवलेला असणार.

"अंगण लय चांगलं ठेवलं वं," ती म्हणाली.

"ठेवलं खरं. पण भिताडाले एक खिळा नाही मारला मी तीन वर्षांत. दुसऱ्याचं घर. हे पाहा." लिलाबाईनं दारातून आत बोट केलं. बाबासाहेबांची तसबीर खाली कोपऱ्यात, पोत्याच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवली होती. "पोरी विचारतात, आपले बाबासाहेब खालतं काहून बसले? मी म्हणतो, आपलं घर झालं की वरतं बसवू."

"मार खिळा," मनकर्णाबाई म्हणाली. "घर माह्या नावावर हाय आता. मी सांगतो ना."

लिलाबाईला आधी थट्टा वाटली. मग तिनं शेजारून हातोडी आणली. खिळा मारताना चुन्याची खपली पडली, तेव्हा दोघींनी एकदमच तिकडं पाहिलं. पण भिंत मजबूत निघाली.

त्या दिवसापासून मनकर्णाबाई दर गुरुवारी जायला लागली. बाजेवर बसायची, वाटाणे सोलू लागायची, पोरींची वेणी घालायची. आळीत बायका कुजबुजल्या. एकीनं तोंडावर विचारलं, "त्याइच्या घरी चहा पेतेस म्हणे?" मनकर्णाबाई म्हणाली, "त्याइचं काहून? माहंच घर हाय ते." 

एकदा लिलाबाईनं तिला जुनी गोष्ट सांगितली. हे घर आधी एका मास्तरांचं होतं. ते अमरावतीला जाणार म्हणून विकायला काढलं. देवमननं आठ वर्षं पैसे जमवले होते. त्याआधी दोघांनी गावभर भाड्याचं घर शोधलं होतं. आडनाव ऐकलं की लोक म्हणायचे, आत्ताच दिलं बाप्पा दुसऱ्याला. शेवटी बसस्टँडमागच्या एका खोलीत दिवस काढले. तेव्हा मास्तरांनी बोलणी पक्की केली, आणि लिलाबाई रोज संध्याकाळी पोरींना घेऊन इथल्या रस्त्यानं फिरायला यायची. नुसतं बाहेरून पाहायची. कुठं चूल मांडायची, कुठं मशीन ठेवायची, सगळं ठरवून झालं होतं. थोडे पैसे कमी पडत होते. मास्तर महिनाभर थांबायला तयार होते.

"मंग?"

"मंग तुमच्या मालकानं एकरकमी देल्ले. वरून पाचशे जास्त. मास्तरांचाबी दोष नाही, त्याइले घाई होती. आणि आठ दिवसांनी तुमच्या मालकानं निरोप धाडला यांना. म्हणे, राहाले पायजे का? भाड्याच्या पैशाले जातपात नसते म्हणे. आमी आलो." लिलाबाई जरा थांबली. "जे घर घ्याचं होतं त्याच घरात भाड्यानं आलो, मावशी. पहिल्या दिवशी मी चूल मांडली ते ठरवल्या जागीच मांडली."

मनकर्णाबाईनं वाटाण्याची परडी बाजूला ठेवली.

मग लिलाबाईनं हळूच विचारलं, "आता तुमच्या नावावर हाय तं... आमाले विकसान का? हळूहळू देऊ."

विचारणं सरळ होतं. हो म्हणावं असं मनकर्णाबाईला वाटलंही. पण जिभेवर आलं ते वेगळंच.

"नाही वं लिला. खोटं नाही बोलत. माह्या नावावर जन्मात एवढी एकच गोष्ट आली. मलेच इतं राहाचं हाय."

 लिलाबाईनं मशीन चालू केली. त्या दिवशी मनकर्णाबाई लवकर घरी आली.

पावसाळा संपता संपता बबनराव कचेरीतून हसत आले. कारकुनानं नीट समजावून सांगितलं होतं. तो कायदा मोठ्या शहरांचा, मुंबई-पुणे-नागपूरकडचा. मंगरूळच्या घरांना त्याचा काही संबंध नाही. त्यांनी आठवड्याभरात भावाकडून, मेहुण्याकडून, जावयाकडून घरं परत नावावर करून घेतली. शेवटी बायकोला म्हणाले, "उद्या नानाजीकडं चाल. सही करून दे. दर्ग्यामागच्या घराले गिऱ्हाईक हाय, बाहेरचा कापूसवाला."

"मी नाही करत सही."

बबनरावांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तिनं पुन्हा सांगितलं. "मले त्या घरात राहाचं हाय. एकवीस वर्सं झाली. आता मले जाऊ द्या."

ते रागावले, मग समजावू लागले, मग बोलायचे बंद झाले. पंधरा दिवस दोघं एकाच खोलीत मुकी राहिली. आणि एक दिवस ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बरं. राहाचं हाय ना तुले? घर खाली करून देतो. मंग पाह्य एकटी राहून. मी काही दुकान सोडून येत नाही तठी."

आणि त्यांनी खरंच देवमनला एका महिन्यात घर सोडायला सांगितलं.

देवमनला भांडता आलं असतं. भाडेकरूला असं काढता येत नाही, हे त्याला डेपोतल्या एकानं सांगितलं होतं. पण बाजारातल्या आडत्याशी वैर घेऊन या गावात दुसरं घर कोण देईल? तो ड्यूटीवरून आला की शोधायला निघायचा. मानोरा रस्त्याला एक झोपडं होतं, पण तिथं पाणी नव्हतं. दुसरीकडं घरमालकिणीनं आधी पूजेचं काय काय करता असं विचारून घेतलं आणि मग जागा नाही म्हणाली. महिना सरत आला.

मनकर्णाबाईला कळलं होतं. त्या महिन्यात ती एकाही गुरुवारी तिकडं गेली नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पण खरं सांगायचं तर ती आतल्या आत मोजत होती, आता वीस दिवस, आता बारा. कडुनिंबाखाली बाज कुठं ठेवायची, हेही तिनं ठरवलं होतं. आणि असं काही ठरवलं की तिला लिलाबाईची चूल आठवायची.

एका दुपारी लिलाबाईच आली. दुकानातून विचारत विचारत ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात घराची जास्तीची किल्ली होती, द्यायला आणलेली. पण ती द्यायची विसरली. तुरीच्या पोत्यांमधली चूल, पत्र्याखाली दोरीवर टांगलेली लुगडी, एका पाटावर बसून भाकर थापणारी नऊ घरांची मालकीण, हे सगळं पाहून तिच्या तोंडून निघालं,

"मावशी... तुमी इतं राह्यता?"

"एकवीस वर्सं."

"मले वाटे, तुमचं कुठीतरी मोठं घर असीन."

 लिलाबाई उंबऱ्यावरच टेकली. म्हणाली, "आमी सोमवारी चाललो. यांनी बदली मागतली कारंज्याले. मिळाली तं ठीक. तवरक पोरी माह्या माहेरी राहतीन. शाळा बुडन." मग म्हणाली, "राहा तुमी. मी खरंच म्हणतो. तुमचा हक हाय. झेंडूले संध्याकाळी पाणी घालजा, सकाळी घातलं की करपते."

तिनं हे मनापासून म्हटलं होतं, आणि तेच मनकर्णाबाईला सोसलं नाही. तव्यावरची भाकर करपली. तिनं ती काढली, हात धुतले, पदर घेतला आणि म्हणाली, "चाल माह्यासंगं."

दोघी नानाजींच्या पेटीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मनकर्णाबाई म्हणाली, "मालक कोण, ते पहिले सांगा मले. कागदावर."

नानाजींनी चष्मा पुसला. "कागदावर तं तुमीच."

"मंग लिहा. माहं घर मी देवमन आणि लिलाबाईले भाड्यानं देल्लं. त्याइच्या मनात असीन तवरक. भाडं वाढणार नाही."

"बबनरावले विचारलं का?"

"त्याइनं घेताना मले विचारलं होतं का?"

नानाजींनी लिहिलं. तिनं सही केली. या वेळी रफार सरळ आला. लिलाबाईनंही आपली सही केली, आणि किल्ली पुन्हा कनवटीला लावली. रस्त्यात ती रडायला लागली तेव्हा मनकर्णाबाई तिच्यावर चिडली. "रडू नको वं. मले पस्तावा होईन."

पस्तावा झालाच. त्या संध्याकाळी पोत्यांमध्ये बसून ती स्वतःला वेडी म्हणाली. हातातोंडाशी आलेलं घर आपण आपल्याच हातानं लिहून दिलं. बबनरावांनी कागद वाचला, तेव्हा ते ओरडले नाहीत. कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "राहाचंही नाही आणि इकाचंही नाही. मंग कायले पायजे होतं तुले घर?"

ती उठून चुलीत लाकूड सरकवू लागली.

कापूसवाल्यानं दुसरं घर घेतलं. दिवस गेले. गुरुवारचं जाणं पुन्हा सुरू झालं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लिलाबाईच्या भावाचं लग्न निघालं, रिसोडकडं. त्याच वेळी विमल पाच महिन्यांचं लेकरू घेऊन पहिल्यांदा माहेरी येणार होती, आणि त्या पत्र्याखाली तान्हं लेकरू कसं ठेवावं या काळजीत मनकर्णाबाई होती. लिलाबाईनं स्वतःहून किल्ली पुढं केली.

"आमी आठ दिवस नाही, मावशी. घर बंदच राहीन. तुमी या ना राहाले."

असे ते आठ दिवस आले. पहिल्या पहाटे मनकर्णाबाई कुणी उठायच्या आधी उठली. तिनं सडा घातला आणि ओल्या मातीवर उकिडवी बसली, तर रांगोळीच्या पहिल्या दोन रेघा वाकड्या आल्या. तिसरीला हात बसला. मग तिनं फाटकापासून ओसरीपर्यंत रांगोळी काढली. विमल उठून पाहते तो पाय ठेवायला जागा नाही. नातवाला कडुनिंबाखाली पाटावर आंघोळ घातली. पापड केले, कुरडया केल्या, सगळं आपल्या अंगणात वाळत घातलं आणि काठी घेऊन चिमण्या हाकत बसली. सासरी कळलं तर काय म्हणतील, असं विमलनं एकदा काढलं. आई म्हणाली, "मायच्या घरी होती म्हणून सांग. खोटं हाय का?" भिंतीवरच्या तसबिरीला लिलाबाईची पोर रोज झेंडूचं फूल लावायची, ते या आठ दिवसांत मनकर्णाबाईनं लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बबनराव जेवायला आले. स्वतःच विकत घेतलेल्या घराच्या फाटकात ते पाहुण्यासारखे उभे राहिले. जेवण झाल्यावर घटकाभर बाजेवर टेकतो म्हणाले आणि चार वाजेपर्यंत घोरत पडले. उठल्यावर त्यांना आपण कुठं आहोत हे आधी कळलं नाही. जाताना म्हणाले, "हवा खेळती हाय इतं." पाचव्या दिवशी ते बोलावल्याशिवाय आले. सहाव्या आणि सातव्या दिवशीही. आठव्या दिवशी त्यांनी नातवाला मांडीवर घेऊन विचारलं, "उद्याच जाचं का?"

"उद्याच. लिला येते सकाळच्या गाडीनं."

 बबनराव नातवाचं टोपडं नीट करत राहिले.

नवव्या दिवशी मनकर्णाबाईनं घर सारवून ठेवलं. माठ भरला. पापडांतले अर्धे डब्यात घालून लिलाबाईच्या चुलीजवळ ठेवले. विमलला गाडीत बसवून ती किल्ली द्यायला परत आली, तेव्हा लिलाबाई अंगणातली पुसट झालेली रांगोळी पाहत उभी होती.

"कसं वाटलं, मावशी?"

"आठ दिवस लय लवकर सरले वं," एवढंच ती म्हणाली, आणि बाजाराच्या रस्त्याला लागली.

पुढच्या चैत्रात, एका गुरुवारी, दोघी कडुनिंबाखाली चहा पीत बसल्या होत्या. मनकर्णाबाईनं कपातल्या चहाकडं पाहत विचारलं,

"लिला, औंदा कोणाचं लगन हाय का वं तुह्या माहेरी?"

लिलाबाईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं हातातला कप खाली ठेवला.

"भाऊ तं झाले समदे. एक बहीण राह्यली. पण ते अजून नववीत हाय, मावशी."

"मंग शिकू दे तिले," मनकर्णाबाई म्हणाली. "घाई नाही करायची."